ताळा कुठे गेला? – वाणिज्य शाखेच्या संगणक-अभ्यासक्रमाविषयी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला संगणक का शिकवायचा? या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : उद्या नोकरीत त्याला तो वापरावा लागणार आहे म्हणून. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. या अपुरेपणातून जो अभ्यासक्रम तयार होतो, त्याचे परीक्षण या लेखात करायचे आहे. शाळेतल्या शिक्षकांनी त्याचा विचार का करावा, असे कोणी विचारील. दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे जाणारी मुले आपल्याच वर्गातून जातात, आणि ज्या सवयीच्या अभावाबद्दल आम्ही लिहिणार आहोत ती सवय शाळेतच लागते किंवा सुटते.

अभ्यासक्रमात काय असते

उदाहरण म्हणून मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स' हा ऐच्छिक विषय घेऊ. २०१८-१९ पासून लागू झालेल्या त्याच्या आराखड्यात एका सत्रात संगणकांची जाळी व इंटरनेट, माय-एस-क्यू-एल ही माहितीसाठ्याची प्रणाली आणि स्प्रेडशीट, तर दुसऱ्या सत्रात ई-कॉमर्स, स्प्रेडशीटचा पुढचा भाग आणि व्हिज्युअल बेसिक असे घटक होते. इतर अनेक विद्यापीठांत याच धर्तीचे विषय थोड्याफार फरकाने आढळतात. कुठे संगणकाच्या पिढ्या आणि उपकरणांची नावे यांना अधिक जागा असते, कुठे हिशेबाच्या तयार पॅकेजला.

अशा आराखड्यावर पहिली टीका होते ती जुनेपणाची. अमुक भाषा मागे पडली, तमुक साधन आता कोणी वापरत नाही, वगैरे. ही टीका सोपी आहे आणि आम्हाला ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. साधने जुनी होणारच. शिवाय या आराखड्यातल्या काही निवडी चांगल्या आहेत. माहिती कोष्टकांत कशी मांडावी, एकच गोष्ट दोन ठिकाणी का लिहू नये, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. संगणकशास्त्रातल्या टिकाऊ कल्पनांपैकी ती एक आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचवावी असे कोणाला वाटले, याचे कौतुकच केले पाहिजे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या प्रकारच्या अभ्यासक्रमात उत्तर कसे काढावे हे शिकवतात, पण आलेले उत्तर बरोबर आहे का हे कसे ठरवावे, ते शिकवत नाहीत. लेखी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न असतो तो 'पायऱ्या लिहा' असा : कोणत्या मेनूत जावे, कोणती आज्ञा निवडावी, कोणत्या चौकटीत काय भरावे. विद्यार्थी पायऱ्या पाठ करतो, लिहितो आणि गुण मिळवतो. शेवटच्या पायरीनंतर पडद्यावर आलेला आकडा खरा की खोटा, हा प्रश्न विचारणारी पायरी त्यात नसते.

हप्त्याचे उदाहरण

एक साधे उदाहरण पाहू. एक लाख रुपये कर्ज, दरसाल १२ टक्के व्याज, बारा समान मासिक हप्ते. स्प्रेडशीटमध्ये हप्ता काढण्याचे तयार सूत्र असते. त्यात व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या आणि रक्कम भरली की उत्तर येते ८,८८४ रुपये ८८ पैसे. हप्ते मासिक असल्याने दरही मासिक, म्हणजे १ टक्का, द्यावा लागतो. घाईत कोणी तिथे १२ टक्केच भरले, तर उत्तर येते सुमारे १६,१४४ रुपये. संगणक कुरकुर करत नाही. दोन्ही उत्तरे सारख्याच ठळक अक्षरांत आणि पैशांपर्यंत अचूक दिसतात.

ज्याला तोंडी हिशेबाची सवय आहे तो काय करील? व्याज नसते तर हप्ता ८,३३३ रुपये पडला असता. कर्ज हळूहळू फिटत जाते, म्हणून वर्षभर सरासरी निम्मी रक्कम आपल्याकडे राहिली असे धरू. पन्नास हजारांवर १२ टक्के म्हणजे सहा हजार. एक लाख सहा हजारांना बाराने भागले की ८,८३३. खरे उत्तर यापासून पन्नासेक रुपयांवर आहे. सोळा हजारांचा आकडा मात्र पाहताक्षणी बाद होतो. या अंदाजाला कागदाचा एक कोपरा पुरतो, पण त्याला अभ्यासक्रमात जागा नाही आणि परीक्षेत गुण नाहीत.

याच सूत्राची आणखी एक गंमत आहे. त्याचे उत्तर उणे चिन्हासह येते. ते घालवायचे असेल तर सूत्रापुढे उणे चिन्ह टाका, अशी युक्ती सर्रास सांगितली जाते. वास्तविक त्या चिन्हाला अर्थ आहे. कर्जाची रक्कम आपल्याकडे आली म्हणून ती अधिक, आणि हप्ता आपल्याकडून जातो म्हणून तो उणे. आवक आणि जावक यांचा हा भेद वाणिज्याच्या विद्यार्थ्याइतका दुसऱ्या कोणाला सहज समजणार? त्याच्या मूळ विषयाशी नाते जोडण्याची आयती संधी आपण एका युक्तीखाली गाडून टाकतो.

स्प्रेडशीट म्हणजे काय

स्प्रेडशीटचा जन्मच मुळी वाणिज्याच्या वर्गातला आहे. डॅन ब्रिकलिन हे संगणकतज्ज्ञ हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना त्यांना ही कल्पना सुचली. कोष्टकातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे काम यंत्राने आपोआप का करू नये? बॉब फ्रँकस्टन यांनी त्याची आज्ञावली लिहिली आणि १९७९ मध्ये ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' बाजारात आले. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. मूळ कल्पना तीच राहिली.

ती कल्पना अशी की स्प्रेडशीट हे आकड्यांचे कोष्टक दिसत असले, तरी प्रत्यक्षात ती एक आज्ञावलीच असते. प्रत्येक घरात एक तर आकडा असतो किंवा सूत्र असते, आणि सूत्रे एकमेकांना सांधलेली असतात. म्हणजे स्प्रेडशीट तयार करणारा कारकून नकळत आज्ञावली लिहीत असतो. फरक इतकाच की आज्ञावली लिहिणाऱ्याला चाचणी घ्यायला शिकवतात, आणि याला शिकवत नाहीत. शिवाय पडद्यावर फक्त उत्तरे दिसतात. सूत्रे घरांच्या मागे दडलेली असतात, आणि म्हणून त्यांतली चूकही.

ही चूक केवढी महाग पडू शकते याची उदाहरणे आता सर्वज्ञात आहेत. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेले की विकासाची गती खुंटते, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा काळातल्या वाढीची सरासरी त्यांनी उणे ०.१ टक्का दिली होती. या निबंधाचा आधार अनेक देशांतल्या राजकीय वादांत घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातला गृहपाठ म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करायला घेतली, तेव्हा ती जुळेना. मूळ स्प्रेडशीट मिळाल्यावर दिसले की सरासरीच्या सूत्रात वीस देशांऐवजी पंधराच देशांच्या ओळी घेतल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले होते. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये दुरुस्त सरासरी दिली, ती अधिक २.२ टक्के होती.

यात एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हा सगळा फरक स्प्रेडशीटमधल्या चुकीचा नव्हता. काही वर्षांची माहिती वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत या वादाच्या बाबींचा त्यात मोठा वाटा होता. स्प्रेडशीटमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, इतर आक्षेपांना त्यांनी उत्तरे दिली. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की ज्या सूत्रावर जाणत्यांचा विश्वास बसला होता त्यातली चूक 'पुन्हा करून पाहा' या साध्या गृहपाठातून सापडली.

विज्ञानाचे लोकही यात मागे नाहीत. जनुकांच्या नावांपैकी 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशी काही नावे स्प्रेडशीटला महिन्यांची वाटत आणि ती परस्पर त्यांच्या तारखा करून टाकी. अशा चुका असंख्य शोधनिबंधांच्या पुरवण्यांत शिरल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या पद्धतीच्या स्प्रेडशीट-फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या नोंदी गळून पडल्या. ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात. द्विमान पद्धत अभ्यासक्रमात अनेक ठिकाणी असते. १३ चे द्विमान रूप लिहा, असा प्रश्नही येतो. पण ती कुठे आणि कशी अंगावर येते, हे कोणी सांगत नाही.

पैशाची गळती

द्विमान पद्धतीचाच एक परिणाम वाणिज्याच्या विद्यार्थ्याने ओळखलाच पाहिजे. दशमान पद्धतीत एक तृतीयांश पुरा लिहिता येत नाही, ०.३३३... असे चालूच राहते. तसा द्विमान पद्धतीत एक दशांश पुरा लिहिता येत नाही. म्हणजे दहा पैसे, ०.१ रुपया, ही रक्कम संगणक सामान्यतः अगदी थोड्या फरकाने साठवतो. एक्सेलमध्ये =१*(०.५-०.४-०.१) हे सूत्र इंग्रजी अंकांत भरून पाहावे. शून्याऐवजी उणे २.७८ गुणिले दहाचा उणे सतरावा घात असे उत्तर येते. हा दोष यंत्राचा नव्हे, अंक लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणूनच व्यापारासाठी १९५९-६० च्या सुमारास तयार झालेल्या कोबोल या भाषेत दशमान हिशेबाची सोय केलेली होती. रुपयांऐवजी पैसे हे एकक धरून पूर्णांकांत हिशेब करणे हा घरगुती उपायही तितकाच चांगला आहे.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० या आकड्यापासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दशांशचिन्हानंतरच्या तीन अंकांपुढचे सगळे छाटून टाकले जाई. बाजार बरा चालला असताना निर्देशांक मात्र घसरत राहिला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला. नीट हिशेब केल्यावर तो १,०९८.८९२ निघाला.

हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एका छाटणीत सरासरी ०.०००५ जाते. दिवसाला तीनेक हजार वेळा छाटणी झाली, तर दिवसाला दीड अंक, वीस दिवसांच्या महिन्यात तीस अंक आणि बावीस महिन्यांत ६६० अंक जातात. प्रत्यक्ष फरक ५७४ होता. ढोबळ अंदाज म्हणून हे वाईट नाही. छाटण्याऐवजी जवळच्या अंकापर्यंत पूर्ण केले असते तर चुका कधी वर, कधी खाली जाऊन बऱ्याच अंशी फिटल्या असत्या. 'छाटणे' आणि 'पूर्ण करणे' यांतला फरक सहावी-सातवीच्या गणितातला आहे. त्याची किंमत इतकी असू शकते, हे मुलांना सांगण्यासारखे नाही का?

हरवलेला वारसा

या सगळ्यात खेदाची बाब ही, की उत्तर तपासण्याची सर्वांत जुनी शिस्त ज्या विद्येत आहे, त्याच विद्येच्या विद्यार्थ्याला आपण तपासणीवाचून संगणक शिकवतो. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे वर्णन केले. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्याच पाहिजेत. तेरीजपत्रक त्यासाठीच असते. आपल्या भाषेत तर वर्षअखेरच्या पत्रकाचे नावच 'ताळेबंद' आहे. ताळा म्हणजे पडताळा.

जुने हिशेबनीस यात तरबेज असत. तेरीज जुळली नाही आणि फरकाला ९ ने भाग गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, हे ते ओळखत. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले तर फरक ९०० पडतो. कारण सोपे आहे : १०अ + ब मधून १०ब + अ वजा केले की ९(अ - ब) उरतात. फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली गेली आहे का, हे ते पाहत. शाळेत गुणाकार तपासण्यासाठी शिकवला जाणारा नवाचा ताळा याच कुळातला. पण गंमत अशी की अंकांची अदलाबदल त्याला पकडता येत नाही, कारण अंकांची बेरीज बदलत नाही.

प्रत्येक ताळ्याला मर्यादा असते, हेही वाणिज्याच्या पुस्तकात आहेच. 'तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक, असे नाही' हे वाक्य विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरी तेरीज जुळते. याच वाक्याचे संगणकाच्या तासाला भाषांतर व्हायला हवे होते : संगणकाने चूक दाखवली नाही म्हणजे उत्तर बरोबर, असे नाही.

खुद्द संगणकाच्या व्यवहारातही ताळा जिवंत आहे. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा ताळ्याचाच अंक असतो. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा चिन्हांतले शेवटचे चिन्हही तेच काम करते. बिस्किटाच्या पुड्यावरचा तेरा अंकी बारकोड घ्या. पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करा, सम स्थानांवरच्या अंकांच्या बेरजेची तिप्पट तीत मिळवा. आलेली संख्या पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यास जितके कमी पडतात, तो तेरावा अंक. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेतले, तर २८ अधिक ३४ ची तिप्पट १०२, एकूण १३०. म्हणून तेरावा अंक शून्य. कोणताही एक अंक चुकला तरी हा ताळा ती चूक पकडतो. शेजारच्या अंकांची अदलाबदलही तो बहुधा पकडतो, पण त्या अंकांत पाचाचा फरक असेल, उदाहरणार्थ १ आणि ६, तर ती निसटते. का, ते विद्यार्थ्यांनी शोधावे. ज्या विद्यार्थ्याला व्यापारात शिरायचे आहे त्याच्यासाठी संगणकाच्या पुस्तकात याहून योग्य धडा कोणता असेल?

आक्षेप आणि सूचना

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. वर्गात मुले फार, यंत्रे थोडी, तासिका मोजक्या. पण आम्ही मागतो आहोत ते यंत्रावर अवलंबून नाही. अंदाज आणि ताळा कागदावर शिकवता येतात. दुसरा आक्षेप असा की नोकरी देणाऱ्यांना पॅकेज चालवणारी माणसे हवी असतात. ते कौशल्य काही आठवड्यांच्या वर्गातही मिळते, आणि पॅकेज बदलले की पुन्हा शिकावे लागते. विद्यापीठाच्या तीन वर्षांतून त्याहून टिकाऊ काही मिळावे, ही अपेक्षा जास्त नाही. आता तर साध्या भाषेत सांगितले की सूत्र लिहून देणारी साधनेही हाताशी आहेत. म्हणजे पायऱ्या पाठ असण्याचे मोल आणखी उतरले, आणि मिळालेले सूत्र तपासता येण्याचे मोल चढले.

बदल फार मोठे नकोत. प्रत्येक प्रात्यक्षिकात उत्तर काढण्याआधी अंदाज लिहायला लावावा आणि त्याला गुण असावेत. प्रत्येक स्प्रेडशीटमध्ये एक ताळ्याचे घर असावे. आडव्या आणि उभ्या बेरजांची एकूण जुळते का, ते तिथे दिसावे. तिथे शून्याऐवजी एखादे चिमुकले भूत दिसले, तर तोच द्विमान पद्धत शिकवण्याचा मुहूर्त. आणि परीक्षेत 'पायऱ्या लिहा' यासारखा एक प्रश्न कमी करून, तीन चुका पेरलेली स्प्रेडशीट छापून द्यावी व त्या शोधायला सांगावे.

शाळेत तर यासाठी अभ्यासक्रम बदलण्याचीही वाट पाहायला नको. बारकोडचा ताळा आठवीच्या मुलांना जमतो. संगणक असेल तर एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख भरायला सांगावी. एक्सेल ती मुकाट्याने स्वीकारते. १९०० ला १०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप वर्ष नव्हते, हे मुलांना माहीत असते. लोटस १-२-३ मध्ये झालेली ही चूक, जुन्या फाइली बिघडू नयेत म्हणून एक्सेलने जाणूनबुजून पुढे चालवली. वर्गातल्या एखाद्या मुलाने 'सर, संगणक चुकला' असे कारणासहित म्हटले, तर त्या तासाला संगणकाचे शिक्षण झाले असे समजावे.